आई माडीवर, लेक पुण्यात

पत्र:

माझं माहेर सोलापूरचं, अशोक चौकाच्या मागे. लग्न झाल्यापासून मी पुण्यात आहे, मुलगा दीड वर्षाचा आहे. आईला (वय ५८) फुफ्फुसाचा टीबी निघालाय, थुंकीत जंतू सापडले. सरकारी गोळ्या सुरू होऊन २४ दिवस झाले. पहिल्या दिवसापासून दादाने तिला माडीवरच्या खोलीत ठेवलंय. खाली दादा, वहिनी आणि चार वर्षांची पुतणी. ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवतात, मग आई उचलून घेते. भांडी, बादली, सगळं वेगळं. गल्लीत सांगितलंय की आई माझ्याकडे पुण्याला गेलीय, त्यामुळे तिला गच्चीत उभं राहायचीसुद्धा चोरी. पाणी यायचा दिवस असला की सगळ्या घराला कामाला लावणारी माझी आई आता भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, असं वहिनी सांगते.

मी रोज फोन करते. 'गोळ्या घेतल्यास?' 'हो.' 'जेवलीस?' 'हो.' 'बरं वाटतंय?' 'माझं काय घेऊन बसलीस, पोराला बघ.' झालं, फोन बंद. मागच्या आठवड्यात कळलं, लघवी लाल होते म्हणजे रक्तच जातंय असं वाटून तिने दोन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या आणि कुणाला बोललीही नव्हती. बाळामुळे मला लगेच जाता येत नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी आम्ही आठ-दहा दिवस तिथेच होतो. तेव्हाही ती खोकत होती, पण आम्हाला वाटलं धुळीने असेल. आता इथून फोनवर मी तिला काय शिकवू, कसं शिकवू? ती एकटी पडलीय आणि माझ्या जिवाला घोर लागलाय.

— एक लेक, पुणे

उत्तर:

ताई,

आधी एक काम सांगते, जे तुम्ही विचारलेलं नाही. औषध सुरू होण्याआधीचे आठवडे टीबीच्या संसर्गासाठी सगळ्यात जोखमीचे असतात आणि नेमक्या त्याच काळात तुमचं बाळ आजीच्या मांडीवर होतं. याच आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात न्या. सरळ सांगा की आजीला थुंकीत जंतू सापडलेला टीबी आहे आणि जानेवारीत आम्ही एका घरात राहिलो होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी झालेला नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात आणि सरकारी कार्यक्रमात ते मोफत मिळतं. सोलापुरातल्या पुतणीचीही तपासणी झाली का, हे दादाला आजच विचारा. मोठ्यांपैकी कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल किंवा वजन उतरलं असेल, तर त्यांनीही थुंकी तपासून घ्यावी. घाबरून जाऊ नका, पण पुढेही ढकलू नका. आईंच्या एकटेपणाशी या तपासणीचा फार जवळचा संबंध आहे, तो पुढे सांगते.

आता ती लाल लघवी. तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबले. पहिले दोन महिने आईंना जी गोळी आहे तिच्यात चार औषधं एकत्र असतात. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवीला नारिंगी-लालसर रंग येतो, कधी घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही येतो. त्यात काही अपाय नाही, औषध अंगात गेल्याची ती खूण आहे. गोळ्या हातात देताना कुणी हे एक वाक्य बोललं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. ते कुणी बोललं नाही, किंवा त्या गडबडीत आईंच्या कानावरून गेलं. मग माडीवर त्या बाईने एकटीने ठरवलं की आपलं रक्त जातंय, आता आपलं संपत आलं, आणि तशा अवस्थेत दोन दिवस, दोन रात्री काढल्या. खाली चार पायऱ्यांवर माणसं होती. तुमचा फोनही रोज येत होता. तरी हे विचारावं असं कुणी त्यांना जवळचं वाटलं नाही.

तुम्ही फोनवरून काय शिकवायचं, याचं उत्तर इथेच आहे. आपल्याला काय झालंय, औषध अंगात काय करतं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे आईंना स्वतःला कळायला हवं. ते कळलं की त्या माडीवर नुसत्या पडून राहणार नाहीत, आपल्या दुखण्याकडे आपण बघायला लागतील. दोन दिवस गोळ्या चुकल्याचं मात्र टीबीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळवा. ते रागावत नाहीत, तो हिशोब त्यांना लागतो.

शिकवण्याआधी तुम्हाला स्वतःला एक गोष्ट पक्की माहीत हवी: किती वेगळं राहायचं आणि कशापासून. टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा बारीक कण हवेत राहतात आणि बंद खोलीत बराच वेळ सोबत बसलेल्याच्या श्वासातून आत जातात. ताटातून, पेल्यातून, बादलीतून, चादरीतून, हाताला हात लागल्याने तो पसरत नाही. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी एक रीत शिकलो, दारात ताट ठेवायचं आणि मागे सरकायचं. ती मनात इतकी बसलीय की आता कुठलाही संसर्ग म्हटला की घरं तेच करतात. तुमच्या घरात बंदोबस्त भांड्यांचा झालाय, आणि हवेचं काय चाललंय ते पत्रात कुठे आलेलं नाही. माडीच्या खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत का? त्या उघड्या असतात, की गल्लीतल्या लोकांना दिसू नये म्हणून लावून घेतल्यात?

औषध लागू पडत असेल तर संसर्ग देण्याची ताकद झपाट्याने कमी होते. साधारण दोन आठवडे नीट गोळ्या गेल्या की बहुतेक रुग्णांपासून घरच्यांना फारसा धोका उरत नाही. आईंचे २४ दिवस झालेत, त्यात दोन चुकले. म्हणून दादाला दवाखान्यात पाठवून दोन प्रश्न विचारायला सांगा. एक, थुंकीच्या तपासणीत जंतू रिफाम्पिसिनला दाद देणारे निघाले ना? देत नसतील तर औषधं वेगळी आणि वेगळं राहण्याचा हिशोबही वेगळा. दुसरा, आईंनी आता खाली यायला हरकत आहे का? मला वाटतं हा दुसरा प्रश्न तुमच्या घरात अजून कुणी विचारलेलाच नाही. वर नेताना सगळ्यांना घाई होती, खाली कधी आणायचं ते ठरलं नाही. सार्स, इबोला अशा साथींमध्ये वेगळं ठेवलेल्या माणसांवरचे अभ्यास लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये एकत्र तपासले. मन खचवणाऱ्या गोष्टींत त्यांना अपुरी माहिती, लांबत गेलेला काळ, कंटाळा आणि लोकांच्या नजरेची भीती ठळकपणे दिसली. तुमच्या आईंच्या वाट्याला यातलं सगळं आलंय. डॉक्टर जी तारीख सांगतील ती आईंना त्याच दिवशी सांगा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्यांच्याच हाताने खूण करायला लावा.

दादाचं मन वळत नसेल तर त्याला मद्रासची हकिगत सांगा. आपल्या भागातली जुनी माणसं टीबी म्हटलं की अजून मिरजेच्या सॅनेटोरियमचं नाव काढतात. माणसाला घरापासून लांब नेऊन ठेवायचं, हाच तेव्हा उपाय होता. १९५६ मध्ये मद्रासला टीबीच्या संशोधनाचं केंद्र सुरू झालं. तिथे गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले, एक सॅनेटोरियममध्ये आणि दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषध दोघांना तेच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झालेले होते. घरातल्या माणसांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर घरी उपचार घेतलेल्यांच्या कुटुंबांत टीबी जास्त निघाला नाही. त्यानंतर जगभर टीबीचे उपचार घरी व्हायला लागले. हे आपल्या देशात, आपल्यासारख्याच घरांत सिद्ध झालंय.

आता गल्लीत सांगितलेलं खोटं. मला हे ताटापेक्षा जास्त लागलं. आई पुण्याला गेलीय असं एकदा सांगितलं की त्यांना खिडकीत बसता येत नाही, गच्चीत जाता येत नाही, मोठ्याने खोकतासुद्धा येत नाही. टीबीच्या माणसाला ऊन आणि मोकळी हवा लागते, आणि नेमकी तीच या खोट्याने काढून घेतलीय. दादाने हे वाईट हेतूने केलं असं मला वाटत नाही. लहान मुलगी आहे, शेजारपाजार काय म्हणेल, तिला कुणी खेळायला घेईल का, असे विचार त्याच्या मनात आले असणार. तरी हे खोटं आधी मोडा. आजाराचं नाव सगळ्या गल्लीला सांगायची गरज नाही. 'आई परत आलीय, छातीचं दुखणं आहे, औषध चालू आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय,' एवढं पुरे. आणि आईंना विचारा, त्यांची अशी एखादी मैत्रीण आहे का जिला खरं सांगावंसं वाटतं. शेजारची असेल, भिशीतली असेल, भजनातली असेल. कुणाला सांगायचं ते आईच ठरवतील. एक बाई जरी रोज दहा मिनिटं फोनवर किंवा खालच्या रस्त्यावरून बोलली, तरी दिवस वेगळा जातो.

फोनकडे वळते. 'गोळ्या घेतल्यास? जेवलीस?' हे प्रश्न मायेचे आहेत, पण आईंच्या कानाला ते हजेरीसारखे ऐकू येतात. उत्तर ठरलेलं असतं, आणि खरं उत्तर दिलं तर लेक काळजी करेल हेही त्यांना ठाऊक असतं. 'पोराला बघ' म्हणजे 'माझा भार तुझ्यावर नको'. तेव्हा पहिल्या फोनला काहीच शिकवू नका. बाळ झोपल्यावर, सावकाश बोलता येईल अशा वेळी फोन करा आणि विचारा, 'आई, तुला काय झालंय असं तुला वाटतं? तुला वर का ठेवलंय, तुला काय सांगितलं?' मग गप्प राहा. मध्ये बोलू नका, चूक दुरुस्त करू नका. मी घरोघर फिरून हे काम केलंय आणि बायका काय काय सांगतात ते ऐकलंय. कुणी म्हणतं मागच्या जन्मीचं पाप, कुणी म्हणतं मुलाच्या संसाराला माझी दृष्ट लागेल म्हणून बाजूला काढलं. आईंच्या मनात नेमकं काय बसलंय ते कळल्याशिवाय तुम्ही सांगितलेली कुठलीही माहिती आत जाणार नाही.

नंतर एका फोनला एकच गोष्ट. फोनची वेळ ठरलेली ठेवा, म्हणजे त्या वाट बघतील आणि वाट बघण्याने दिवसाला आकार येतो. तुमचं सांगून झालं की लगेच 'समजलं ना?' असं विचारू नका, त्यालाही 'हो'च उत्तर येतं. म्हणा, 'आता मी वहिनी आहे असं समज आणि मला हे समजावून सांग.' जिथे त्या अडखळतील तेवढंच परत सांगा. मोठ्या दवाखान्यांत परिचारिका रुग्णाला घरी पाठवताना हीच पद्धत वापरतात, कारण माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो तेव्हा ते त्याचं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काही त्यांनी वाचलं असेल तर तेही विचारा. तिथे टीबीवर काढे आणि लसणाचे उपाय फिरत असतात आणि ते वाचून गोळ्या सोडणारी माणसं असतात.

लाल लघवीपासूनच सुरुवात करा, ती भीती ताजी आहे. 'ती गोळीची खूण आहे आई, उद्या सकाळी रंग बघून मला सांग.' म्हणजे ज्या गोष्टीने त्या घाबरल्या तिच्यावरच आता त्यांची नजर राहील. पुढच्या फोनला गोळ्यांचं सांगा: रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी उपाशीपोटी. मळमळत असेल तर थोडं काही खाऊन चालतं का, ते आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारायचं, पण आपल्या मनाने गोळ्या कमी करायच्या नाहीत. मग महिन्यांचा हिशोब: पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन. खोकला बहुतेकदा काही आठवड्यांत थांबतो आणि माणसाला वाटतं झालं, बरे झालो. खूप जणांच्या गोळ्या तिथेच सुटतात आणि उलटलेला टीबी बरा करणं फार कठीण जातं. हे त्यांना आताच सांगून ठेवा, कारण ती वेळ येणार आहे.

खोकल्याचं शिकवताना शब्द जपून वापरा. रुमाल तोंडावर धरायचा, थुंकी झाकणाच्या डब्यात फिनेल घालून त्यात टाकायची आणि डबा रोज संडासात रिकामा करायचा, माणूस समोर असताना साधा मास्क लावायचा. हे सांगताना 'तुझ्यामुळे लागेल' असं चुकूनही म्हणू नका. 'नातीला जपायचं काम तुझ्या हातात आहे,' असं म्हणा, तेही खरंच आहे. पंखा असा ठेवायला सांगा की वारा बसलेल्या माणसांकडून आईंकडे आणि तिथून खिडकीबाहेर जाईल. सोलापूरचा उन्हाळा तोंडावर आलाय. माडीवर पत्रे असतील तर दुपारी तिथे माणूस राहू शकत नाही, टीबीचा अशक्त माणूस तर नाहीच. डॉक्टर खाली यायला परवानगी देईपर्यंतही दुपारचे चार तास खालच्या एखाद्या हवेशीर खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावून काढता येतील का, हे विचारा.

खाण्यावर दोन-तीन फोन खर्च करा, कारण इथे माडीवरच्या एकटेपणाचा परिणाम थेट वजनावर होतो. एकटं ताट समोर असलं की घास उतरत नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला. टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला तेव्हा त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यू कमी झाले. आपल्याकडे तर शेंगा आहेत. शेंगदाण्याची चटणी, दही, ज्वारीची भाकरी, घट्ट डाळ, दूध आणि चालत असेल तर रोज एक अंडं. आई चतुर्थी, एकादशी धरत असतील. हे सहा महिने उपवास बाजूला ठेवायला सांगा आणि ऐकत नसतील तर उपवासाचं पण पोटभर खायला सांगा. दर आठवड्याला वजन, तेही त्यांनीच करायचं आणि लिहायचं. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या बँक खात्यात महिना १००० रुपये जमा होतात, नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. आईंचं खातं नोंदलंय का ते बघा. तो पैसा त्यांच्या नावावर येतो, आणि 'मुलाला खर्चात पाडलं' असं वाटणाऱ्या आईला याचं मोल वाटतं. शंका असेल तर टीबीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६.

आणि एक वही. दोनशे पानी, रेघांची, वहिनीला आणून द्यायला सांगा. तारीख, गोळी, वजन, काय खाल्लं, काय त्रास झाला. विडी वळणारी एक बाई माझ्या भेटींच्या यादीत होती. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने संपलेल्या गोळ्यांची पाकिटं एका दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगली होती. आपल्या औषधाबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं आणि शेजारणीच्या मुलाला खोकला लागला तेव्हा तिनेच त्याला तपासायला पाठवलं. तुमच्या आईंकडे अक्षर असेल तर वही, नसेल तर रोज संध्याकाळी आवाजी संदेश. तो तुम्ही जपून ठेवा आणि दवाखान्याच्या भेटीआधी दादाला त्यातलं महत्त्वाचं सांगा.

पण नुसतं दुखण्याबद्दल बोललात तर आई रुग्णच राहतील. तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या दिवशी सगळं घर त्यांच्या हाताखाली असायचं. सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घरात काय धांदल उडते हे बाहेरच्याला कळणार नाही. आधी पिण्याचं भरायचं की टाकी, कुणाच्या मोटारीने कुणाचा नळ कोरडा पडतो, कपडे आज भिजवायचे की उद्या, हे सगळं आईंच्या डोक्यात आहे आणि आता कुणी त्यांना विचारत नाही. वहिनीला सांगा, पाणी आलं की फोन आईंना. वरून त्या सांगतील. हे औषधाइतकंच जरूर आहे. तशीच उन्हाळी कामं. कुरडया, सांडगे, पापड गच्चीतच वाळतात आणि गच्ची उघड्यावर आहे, तिथे संसर्गाची भीती फार कमी. आई एका बाजूला खुर्चीवर बसून वहिनीला चीक किती शिजवायचा ते सांगू शकतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळ्यांनी आपापली ताटं घेऊन गच्चीवर जेवायला बसा, थोडं अंतर राखून. जिन्याच्या पायरीवरचं ते ताट डॉक्टरांच्या परवानगीची वाट न बघता आजच बंद करता येईल, वहिनीने मास्क लावून हातात द्यायचं आणि दोन शब्द बोलायचे.

वहिनीबद्दल जपून. स्वयंपाक, मुलगी, वर-खाली फेऱ्या, सगळं तिच्यावर आहे आणि पुण्यातून आलेली प्रत्येक सूचना तिला ठपक्यासारखी वाटू शकते. तिच्या मनात भीती आहे ती मुलीची, आणि ती खोटी नाही. म्हणून मी सुरुवातीला त्या तपासणीचं बोलले. पुतणीला डॉक्टरांनी बघितलं, औषध सुरू झालं किंवा गरज नाही असं सांगितलं, की वहिनीच्या मनातली गाठ सुटेल आणि ती स्वतः वर जाऊन बसेल. तिला कारण पटवून न देता 'आईशी नीट वाग' म्हणालात तर ताट दोन पायऱ्या अजून खाली जाईल. तिच्याशी बोलताना आधी तिचं ऐका. पैसे पाठवत असाल तर धुण्याभांड्याला बाई लावण्यापुरते पाठवा. भांडी वेगळी घासायची नाहीत हे त्या बाईलाही सांगा.

आईंना काही खुणा तोंडपाठ असायला हव्यात: सतत उलट्या, जेवण अजिबात न जाणं, डोळे किंवा त्वचा पिवळी दिसणं. यात यकृताला त्रास होत असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. नजर अंधुक झाली, लाल-हिरवा रंग नीट ओळखू येईना, तरी तसंच. हातापायाला मुंग्या येणं, सांधे दुखणं हेही सांगायचं, त्यावर औषध आहे. थुंकीतून रक्त पडलं किंवा धाप लागली तर थांबायचं नाही, सरळ सिव्हिलला. लघवीतला लाल रंग आणि थुंकीतलं रक्त यांतला फरक त्यांच्याकडून दोनदा वदवून घ्या.

मनाचीही एक खूण आहे, तिच्याकडे कानाडोळा करू नका. भिंतीकडे तोंड करून पडणं, 'माझं काय' हे बोलणं, याला आपण हाय खाल्ली म्हणतो आणि पुष्कळदा माणसांत आल्यावर ते निवळतं. पण त्या 'आता सुटले तर बरं' म्हणायला लागल्या, झोप आणि जेवण दोन्ही तुटलं, दागिने-कपड्यांची वाटणी सांगायला लागल्या, तर तो आजार आहे असं धरून चाला. 'टेलि मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र आणि मराठीत. आधी तुम्ही स्वतः तिथे बोला, आईंची हकिगत सांगा, मग तुम्ही लाइनवर असताना आईंना जोडून घ्या. मरणाचा विचार बोलून दाखवला तर त्या रात्री त्यांना माडीवर एकटं ठेवायचं नाही. दादाला तसं स्पष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्यायला सांगा. त्यावेळी टीबीचं कारण पुढे करून थांबायचं नाही, मास्क लावून नेता येतं.

तुमचा पुढचा मुक्काम ठरवून टाका. दोन महिने पूर्ण झाले की आईंची थुंकी पुन्हा तपासतील, म्हणजे अजून साधारण पाच आठवडे. त्या तपासणीला तुम्ही स्वतः सोबत असाल अशा बेताने सोलापूरची तिकिटं काढा आणि आजच्या फोनवर आईंना तारीख सांगा. बाळाला नेण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर त्याला दोन दिवस सासूबाईंकडे किंवा नवऱ्याकडे ठेवून एकट्या जा आणि वहीची पहिली दोन पानं आईंनी तुम्हाला वाचून दाखवायची आहेत, हे आताच ठरवून ठेवा.